देऊळ, रूळ आणि बराक

उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात उगम पावते, कर्जत आणि बदलापूर ओलांडून कल्याणपाशी खाडीचे रूप घेते. तिच्या मानाने ओढ्याएवढी असलेली वालधुनी अंबरनाथच्या दक्षिणेकडील डोंगरउतारांवरून निघते, उल्हासनगरच्या दाट वस्तीतून वाट काढते आणि कल्याणजवळ त्याच खाडीला मिळते. या दोन प्रवाहांच्या आधाराने बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर ही तीन शहरे एकापाठोपाठ एक वसलेली असून २०११च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अनुक्रमे १,७४,२२६, २,५३,४७५ आणि ५,०६,०९८ होती. मुंबईच्या लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांच्या लेखी ही तीन स्थानके आहेत, आणि इतिहासाच्या पुस्तकांतही अंबरनाथच्या देवळापुरता अपवाद सोडल्यास त्यांना फारशी जागा मिळालेली नाही. तरीही बदलापूरच्या नदीकाठापासून शहाडपर्यंतचे वीसेक किलोमीटरचे अंतर सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायी कापले, तर अकराव्या शतकातील एक राजघराणे, एकोणिसाव्या शतकातील लोहमार्ग, दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी आणि फाळणीनंतरचे सिंधी पुनर्वसन एवढे सारे एका दिवसात पायांखालून जाते.

शहर समजून घ्यायचे तर आधी ते चालून पाहावे, हा विचार मुंबईला एका स्कॉटिश माणसाने शास्त्र म्हणून शिकवला. पॅट्रिक गेडिस यांनी एडिंबराच्या जुन्या शहरातील एका मनोऱ्यात नगराच्या अभ्यासाचे केंद्र उभारले होते, आणि १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. नगराचा आराखडा आखण्यापूर्वी त्याची पाहणी करावी, गल्लीबोळ हिंडावेत, पाणी कोठून येते आणि माणसे कोठे बसतात हे पाहावे आणि जुन्यातले जेवढे राखता येईल तेवढे राखूनच नव्याला हात घालावा, असा गेडिस यांचा आग्रह होता. एडिंबरात अशा चालण्याला एक सोय आहे, कारण किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंतच्या मैलभराच्या रस्त्यावर तिथल्या इतिहासाचे थर जवळजवळ क्रमाने मांडलेले आहेत. अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यात असा राजरस्ता नाही. येथे थर विखुरलेले आहेत, मधल्या जागा कारखान्यांनी आणि चाळींनी भरल्या आहेत, आणि त्यांना जोडणारी एकमेव सलग रेघ लोहमार्गाची आहे.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले आणि १८५६मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने कल्याणहून आग्नेयेकडे वळून, बदलापूर-नेरळवरून बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत मार्ग नेला. घाट फोडून पुण्याकडची वाट अखंड होण्यास आणखी सात वर्षे लागली. हा मार्ग उल्हास नदीच्या खोऱ्याचाच आधार घेत जातो. त्याने खोऱ्यातील दिशासुद्धा बदलून टाकल्या, हे मात्र नकाशा हाती घेतल्याखेरीज ध्यानात येत नाही. मुंबईच्या उपनगरांत रूळ साधारण उत्तर-दक्षिण धावतात, म्हणून वस्तीचे 'पूर्व' आणि 'पश्चिम' असे दोन भाग पडतात. कल्याणनंतर रूळ तिरपे झाले तरी बोलण्यातली पूर्व-पश्चिम तशीच पुढे चालू राहिली, आणि त्यामुळे बदलापूरहून पाहता प्रत्यक्षात नैर्ऋत्येला असलेला मलंगगड लोकव्यवहारात 'पूर्वेच्या' बाजूचा ठरतो. सूर्य काहीही म्हणो, या भागात दिशा रूळ ठरवतात.

बदलापूरपाशी फार रेंगाळण्याचे कारण नाही. स्थानकाच्या एका अंगाला कुळगाव आणि दुसऱ्या अंगाला, नदीच्या बाजूस, मूळ बदलापूर गाव अशी याची जुनी रचना असून नगरपालिकेच्या 'कुळगाव-बदलापूर' या जोडनावात ती टिकून आहे. घोडदौडीच्या मार्गावर येथे थकलेले घोडे बदलून ताज्या दमाचे घेतले जात, म्हणून हे 'बदलापूर' झाले, असे गावात सांगितले जाते. सांगणारा कधी शिवकाळाचा हवाला देतो, कधी पेशवाईचा. गावाच्या नावाचा आजच्या भाषेत जुळेल तसा अर्थ लावण्याची ही लोकव्युत्पत्ती नावाच्या उगमाविषयी काही सिद्ध करीत नाही, पण हे गाव वाटेवरचे आहे ही आठवण तिने जपली आहे, आणि ती आठवण भूगोलाला धरून आहे. कल्याण बंदराकडून घाटाकडे जाणाऱ्या वाटांवर ज्याची हुकमत त्याचा या खोऱ्यावर अंमल, हे गणित पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातही खरे ठरले: १७८०मध्ये कल्याण इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर लगोलग मलंगगडाला वेढा पडला. त्या गडाचा कातळी सुळका बदलापूर सोडून अंबरनाथच्या रस्त्याला लागलेल्या पायी माणसाच्या डाव्या हाताला बराच वेळ दिसत राहतो.

नदीचे मात्र दोन शब्द सांगायला हवेत. बदलापूरजवळ उल्हासवर घातलेल्या बंधाऱ्यातून, ज्याला गावात सगळे 'बॅरेज' म्हणतात, आसपासच्या शहरांना पिण्याचे पाणी पुरविले जाते. तिची उपनदी असलेल्या बारवीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने धरण बांधले आणि कारखानदारीची तहान भागवली. हीच उल्हास पावसाळ्यात दुसरे रूप दाखवते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांमधून बाहेर काढावे लागले, तेव्हा १८५६च्या अभियंत्यांनी नदीच्या किती जवळून रूळ नेले होते याचा पुन्हा प्रत्यय आला.

अंबरनाथ स्थानकापासून दीड-दोन किलोमीटरवर, वालधुनीच्या काठी, काळ्या दगडाचे शिवमंदिर उभे आहे. महाराष्ट्रातील ज्या थोड्या प्राचीन मंदिरांचा काळ त्यांच्याच अंगावरील लेखावरून ठरवता येतो त्यांत याची गणना होते. उत्तरेकडील द्वाराच्या वरच्या तुळईवर, आतल्या अंगाला, संस्कृत लेख कोरलेला असून त्यात शके ९८२, श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार अशी मिती आहे. इंग्रजी गणनेने तो जुलै १०६० येतो. लेखात महामंडलेश्वर माम्वाणिराजाचे, म्हणजेच मुम्मुणि या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उत्तर कोकणच्या शिलाहार राजाचे नाव आहे, त्याच्या मंत्र्यांची नावे आहेत, आणि ज्याच्या नावाने हे भवन सिद्धीस गेले त्या छित्तराजाचेही नाव आहे. 'महामंडलेश्वर' ही मोठ्या सम्राटाचे वर्चस्व मानणाऱ्या मांडलिक राजाची पदवी होय. शिलाहार मूळचे राष्ट्रकूटांचे मांडलिक, आणि राष्ट्रकूट सत्ता दहाव्या शतकाच्या अखेरीस कोसळल्यावरही त्यांनी ती पदवी सोडली नाही. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणि हे तिघे सख्खे भाऊ एकामागून एक गादीवर आले, त्यामुळे थोरल्याने हाती घेतलेले काम धाकट्याच्या कारकिर्दीत पुरे झाले, असा लेखाचा अर्थ सामान्यतः लावला जातो.

या मितीच्या वाचनालाही एक इतिहास आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख प्रथम वाचला तेव्हा शतकाचा अंक सात समजून शके ७८२, म्हणजे इ. स. ८६०, असा काळ दिला. भाऊ दाजींकडे साहाय्यक म्हणून वर्षानुवर्षे काम केलेल्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पुढे तो अंक नऊ आहे असे दाखवून मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आणले. फरक एका अंकाचा असला तरी त्यावर घराण्याचा सगळा क्रम अवलंबून होता, कारण कान्हेरीच्या लेण्यांतील शके ७६५ ते ७९९ या काळातील लेखांत पुल्लशक्ती आणि दुसरा कपर्दी हे शिलाहार राजे आढळतात, आणि शके ७८२मध्ये माम्वाणीला बसवायचे तर त्याला दुसऱ्या कपर्दीच्या कारकिर्दीतच कोंबावे लागले असते. गुरूच्या वाचनातली चूक शिष्याने दुरुस्त करावी, आणि तीही गुरूविषयीचा आदर तसूभर कमी न करता, याची भारतीय पुरातत्त्वात याहून नीटस उदाहरणे थोडी सापडतील.

वास्तूची रचना भूमिज पद्धतीची आहे. भूमिज शिखराच्या चारही बाजूंच्या मध्यावर पायथ्यापासून माथ्याकडे निमुळता होत जाणारा एकेक पट्टा असतो, त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या भागात मूळ शिखराच्याच लहान प्रतिकृती ओळींवर ओळी रचलेल्या असतात, आणि अशा प्रत्येक आडव्या थराला 'भूमी' हे नाव आहे. ही शैली माळव्यात विशेष बहरली. मध्य प्रदेशातील उदयपूर येथील परमारांचे उदयेश्वर मंदिर तिचा प्रसिद्ध नमुना, आणि महाराष्ट्रात सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर तिचेच नंतरचे रूप. अंबरनाथचे मंदिर या कुळातील आरंभीच्या मंदिरांपैकी आहे, हे त्याचे खरे महत्त्व. माळव्याच्या राजा भोजाने १०२०च्या सुमारास कोकण जिंकल्याचा उत्सव केल्याचे त्याच्याच ताम्रपटांवरून कळते, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत छित्तराज सत्तेवर आला, एवढ्यावरून ही शैली भोजाच्या स्वारीबरोबर कोकणात उतरली असे म्हणण्याचा मोह होतो. पण पाथरवटांचे संघ काम मिळेल तिकडे जात असत, आणि कारागिरीच्या प्रवासाला प्रत्येक वेळी लढाईच लागते असे नाही.

मंदिर पश्चिमाभिमुख असून मंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तीन बाजूंनी मुखमंडप, म्हणजे दारापुढचे खांबांवरचे लहान ओटे, जोडलेले आहेत. तारकाकृती तलविन्यासामुळे भिंतीचा एकही भाग सपाट राहत नाही. प्रत्येक कोन पुढे येतो, मागे जातो आणि त्या प्रत्येक वळणावर मूर्ती आहे. मंडपाचे छत दगडाचा एकेक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवीत, वर मिटत जाणाऱ्या घुमटासारखे रचलेले आहे. बाहेरच्या भिंतीवर गणपती, महिषासुरमर्दिनी, नृत्य करणारा शिव आणि अप्सरा यांचे शिल्पांकन असून ब्रह्मा, विष्णू, शिव आणि सूर्य यांचा एकाच देहात संयोग दाखवणारी मूर्ती अभ्यासकांचे विशेष लक्ष वेधून घेते. गर्भगृह मंडपाच्या पातळीवर नाही. तेथे पायऱ्या उतरून जावे लागते, आणि खाली उभे राहून वर पाहिले की शिखराचा वरचा भाग नसल्याने थेट आकाश दिसते. अंबर हेच ज्याचे छत तो अंबरनाथ, असा अर्थ भाविक सांगतात; काही अभ्यासक मात्र 'आम्रनाथ' हे नावाचे जुने रूप मानतात. पांडवांनी हे मंदिर एका रात्रीत बांधायला घेतले आणि उजाडल्यामुळे ते अपुरे राहिले, ही कथाही येथे आहे, जशी ती महाराष्ट्रातील पुष्कळ छपरे नसलेल्या देवळांपाशी आहे.

आधुनिक पुरातत्त्वाने या मंदिराकडे फार लवकर पाहिले. १८६८मध्ये सरकारी आदेशावरून मुंबईच्या कला विद्यालयाच्या वतीने त्याची रेखाटने आणि शिल्पांचे ठसे तयार करण्यात आले. पश्चिम भारतात एखाद्या मंदिराची अशी पद्धतशीर नोंद घेण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. ती चित्रे १८७४मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात आली, आणि त्या नियतकालिकाचे संस्थापक जेम्स बर्जेस हेही स्कॉटलंडचे, डमफ्रीशायरमध्ये जन्मलेले आणि निवृत्तीनंतर एडिंबरात राहिलेले. गेडिस यांच्याआधी अर्धे शतक, एका स्कॉटिश माणसाच्या संपादनाखाली, अंबरनाथ अशा रीतीने छापील जगात पोहोचले. मराठीत या मंदिराचा सविस्तर मूर्तिशास्त्रीय अभ्यास डॉ. कुमुद कानिटकर यांनी केला आहे, आणि भिंतीवरील मूर्ती ओळखू पाहणाऱ्याने तो सोबत घेऊन यावा. आज मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते, आणि एरवी सकाळी घागर घेऊन आलेली एखादी म्हातारी पायऱ्या उतरताना भिंतीला ज्या जागी हात टेकते ती जागा नेमकी गुळगुळीत झालेली असते.

मंदिरानंतरची जवळजवळ आठ शतके या परिसराने फार थोडे मागे ठेवले, आणि मग विसाव्या शतकाने घाईने सगळे भरून काढले. परदेशी काड्यापेट्यांवर जबर आयात कर बसल्यानंतर स्वीडिश मालकीच्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीने, म्हणजे 'विमको'ने, १९२०च्या दशकात अंबरनाथला कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले आणि त्यांतील यंत्र-आदिरूप कारखाना १९५३चा आहे. पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती झाल्या. विमकोची काडी आता येथे बनत नाही, 'विमको नाका' मात्र रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे.

मंदिराकडून वालधुनीच्या प्रवाहाबरोबर उत्तरेकडे निघाले की हद्द कोठे बदलली हे समजत नाही. पाण्याचा रंग बदलतो आणि पाट्यांवर अरबी वळणाची सिंधी अक्षरे दिसू लागतात, तेव्हा उल्हासनगरचा पाच नंबरचा कॅम्प आला असे समजावे. 'कॅम्प' हा शब्द येथे अलंकारिक नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने कल्याणजवळच्या या माळावर 'कल्याण कॅम्प' ही लष्करी छावणी उभारली. मुंबई बंदरातून येणाऱ्या-जाणाऱ्या सैन्याला मुक्कामासाठी, रेल्वेला लागून आणि नदीचे पाणी मिळेल अशी जागा हवी होती, आणि या खोऱ्यात ती होती. दोन हजारांहून अधिक बराकी बांधल्या गेल्या. बराक म्हणजे सैनिकांसाठी सरळ रेषेत बांधलेली लांबट, बैठी इमारत. त्यांतील बहुतेकींच्या मधोमध मोठे दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या असत. युद्ध १९४५मध्ये संपले आणि छावणी ओस पडली.

दोन वर्षांनी फाळणी झाली. पंजाबची फाळणी रक्तपाताने आणि पायी काफिल्यांनी झाली, सिंधची तशी झाली नाही. सिंध प्रांत अखंडपणे पाकिस्तानात गेला, त्यामुळे तेथील हिंदूंच्या वाट्याला सिंधचा एक तुकडाही भारतात आला नाही, आणि सुरुवातीचे काही महिने त्यांतील पुष्कळांनी घर सोडण्याचा विचारही केला नव्हता. १७ डिसेंबर १९४७ रोजी हैदराबाद-सिंधमध्ये आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत उसळलेल्या हिंसाचारानंतर मात्र लोंढा सुरू झाला. यातील फार मोठा भाग समुद्रमार्गे आला: कराचीहून निघालेल्या बोटी काठियावाडच्या आणि मुंबईच्या बंदरांना लागत, आणि मुंबईत उतरलेल्यांना आगगाडीने वेगवेगळ्या छावण्यांकडे पाठवले जाई. मुंबई शहर आधीच भरलेले होते, बाळासाहेब खेरांच्या सरकारला ही गर्दी शहरात नको होती, आणि कल्याणला हजारो रिकाम्या खोल्या पडून होत्या. सुमारे एक लाख सिंधी माणसांचे भवितव्य या साध्या हिशेबाने ठरले.

महाराष्ट्रात अशी दुसरीही ठिकाणे आहेत. पिंपरीची वसाहत सर्वांना ठाऊक आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे युद्धकाळात पोलंडमधून आलेल्या निर्वासितांसाठी बांधलेली छावणी ते निघून गेल्यावर सिंधी निर्वासितांना मिळाली आणि तिचे गांधीनगर झाले. एका महायुद्धाने बेघर केलेल्यांची जागा दुसऱ्या उलथापालथीत बेघर झालेल्यांनी घ्यावी, हा योगायोग कल्पित कथेत कोणी मान्य केला नसता. पण आकाराने कल्याण कॅम्पची बरोबरी दुसऱ्या कोणत्याही छावणीला करता आली नाही.

कॅम्प एक, दोन आणि तीन हे रुळांच्या 'पश्चिमेला', शहाड आणि उल्हास नदीच्या बाजूस. चार आणि पाच 'पूर्वेला', विठ्ठलवाडी आणि अंबरनाथच्या बाजूस. सैनिकांसाठी बांधलेल्या दालनात आता पाच-सहा कुटुंबे राहू लागली आणि मधे गोणपाटाचे, साड्यांचे पडदे आले. आरंभी सरकारी शिधा होता. तो कायमचा नव्हता, आणि शिकारपूरच्या सावकाराला, हैदराबादच्या आमिलाला (सिंधमध्ये सरकारी नोकरीत पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या वर्गाला आमिल म्हणत) आणि खेड्यातल्या किराणा दुकानदाराला एकाच नळावर रांगेत उभे राहावे लागले. बायका पापड लाटू लागल्या, मुले लोकलच्या डब्यांत गोळ्या-बिस्किटे विकू लागली. नफा अगदी थोडा ठेवून माल झटपट खपवण्याची सिंधी व्यापाऱ्याची जी रीत मुंबईच्या बाजारात पुढे दबदबा निर्माण करून गेली, ती या गरजेच्या दिवसांत घासूनपुसून तयार झाली होती.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसवण्यात आली आणि कल्याण कॅम्पचे नाव उल्हासनगर झाले. नाव नदीवरून घेतलेले आहे, आनंदावरून नाही, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण त्या दिवसापर्यंत येथे उल्हासाचे फारसे कारण घडलेले नव्हते. सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी केंद्र सरकारने १९५४मध्ये विस्थापितांच्या नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा कायदा केला, आणि ज्याचा 'क्लेम' मान्य झाला त्याला त्यापोटी बराकीतील खोली किंवा तिच्याभोवतीची जमीन नावावर करून घेता आली. या मालकीचा कागद म्हणजे सनद. उल्हासनगरमध्ये आजही जागेच्या व्यवहारात पहिला प्रश्न सनदेचा असतो, आणि सनद ज्या तुकड्याची निघाली तो तुकडा पुष्कळदा एका बराकीतल्या एका खोलीच्या मापाचा होता, ही गोष्ट या शहराच्या पुढच्या सगळ्या वास्तुरचनेच्या मुळाशी आहे. खोलीएवढ्या जमिनीवर घर वाढवायचे तर ते वरच वाढते. १९६०मध्ये नगरपालिका आली, १९९६मध्ये महानगरपालिका आली, मजले चढत गेले, परवानगीचा कागद मागे राहिला. अखेर न्यायालयाने बेकायदा इमारतींविरुद्ध कारवाईचा आदेश दिल्यानंतर राज्य विधिमंडळाने २००६मध्ये केवळ उल्हासनगर शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. एका शहरापुरता असा कायदा करावा लागणे हे प्रशासनाच्या अपयशाचे लक्षण म्हणून सांगितले जाते, आणि ते आहेही, पण त्या अपयशाचा पाया १९४०च्या दशकात लष्करी अभियंत्यांनी सैनिकांच्या मुक्कामासाठी ठरवलेल्या खोलीच्या मापात आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. गेडिस यांची पद्धत येथे उलटी झाली होती: आराखडा आधी आला, आणि चालणारी माणसे मागाहून.

लालचक्की, सेक्शन सतरा, गोल मैदान ही नावे ओलांडत दुपार कलते. मधे फर्निचरचा बाजार लागतो, गजानंद मार्केटमध्ये कापडाचे गठ्ठे रस्त्यावर येतात, आणि जीन्स शिवणाऱ्या छोट्या कारखान्यांतून यंत्रांचा आवाज येत राहतो. जीन्सच्या धुलाईचे आणि रंगाईचे पाणी वर्षानुवर्षे वालधुनीत गेले, न्यायालयीन लढे झाले, धुलाईच्या अनेक कारखान्यांना टाळे लागले. ज्या ओढ्याकाठी शिलाहारांनी देऊळ बांधले त्याला इकडे बहुतेक लोक नाला म्हणतात. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद साऱ्या महाराष्ट्राने केला. त्यात हेटाळणी होती. तिच्याखाली झाकलेली धास्ती मुंबईच्या कारखानदारांना अधिक नीट समजत होती.

बाजाराच्या मानाने या शहराचे दुसरे अंग बाहेरच्यांना कमी ठाऊक आहे. सिंधी हिंदूंमध्ये नानकपंथाचा प्रभाव जुना असल्याने येथील 'टिकाणा' किंवा 'दरबार' या प्रार्थनास्थळांत गुरू ग्रंथसाहिबाचे पठण आणि देवमूर्तींची पूजा एकाच छताखाली चालते. सिंधू नदीचा देव मानला जाणारा झूलेलाल याचे चाळीस दिवसांचे व्रत, म्हणजे चालिहो, दरवर्षी पाळले जाते. नदी मागे राहिली, व्रत बरोबर आले. आपल्या बोलीला प्रांत नसला तर शाळा तरी हवी, ही जाणीव पहिल्या पिढीला होती. हैदराबाद-सिंधच्या नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने, जे फाळणीनंतर मुंबईत नव्याने उभे राहिले, येथे चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय काढले. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. ती अरबी वळणाच्या लिपीत लिहावी की देवनागरीत, हा वाद मात्र मिटला नाही, आणि दुकानांच्या पाट्यांवर त्याचे दोन्ही पक्ष शेजारीशेजारी नांदतात. इंग्रजी शाळेत शिकलेल्या तिसऱ्या पिढीने लिपीचा प्रश्न बराचसा आपोआप सोडवला आहे, ज्येष्ठांना पसंत पडेल अशा रीतीने नसला तरी.

कॅम्प एकच्या पलीकडे शहाड येते. येथे १९५०च्या दशकात सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या शेजारी बिर्लांनी विठ्ठल-रखुमाईचे मंदिर बांधले. पाचव्या कॅम्पाच्या पलीकडे एका मांडलिक राजाचे शिवालय आणि पहिल्या कॅम्पाच्या पलीकडे एका उद्योगपतीचे विठ्ठलमंदिर, यांच्यामध्ये नऊ शतके आहेत आणि पायी अंतर दोन-अडीच तासांचे आहे. दुसऱ्या देवळाचे शिखर शाबूत आहे.

बराकी आता शोधाव्या लागतात. काहींचे उतरते छप्पर दोन उंच इमारतींच्या फटीत दिसते, काहींची फक्त जाड भिंत कोणाच्या तरी स्वयंपाकघराची झाली आहे, आणि बहुतेक पाडल्या गेल्या आहेत. पाडलेल्या बराकीचा क्रमांक मात्र तिच्या जागी आलेल्या इमारतीच्या पत्त्यात पुढे चालू राहतो, त्यामुळे चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या लग्नपत्रिकेवरही 'बराक नंबर' छापलेला आढळतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने सहा अंकी पिनकोड सुरू केला तेव्हा उल्हासनगरला ४२१००१ ते ४२१००५ असे पाच क्रमांक मिळाले, आणि त्यांतला शेवटचा अंक तो कॅम्प कितवा ते सांगतो.